तीन अस्वलांच्या गोष्टीतून पहिली-दुसरीच्या मुलांना इंग्रजी कसे शिकवावे

मराठी माध्यमाच्या शाळांमध्ये २००० सालापासून पहिलीच्या वर्गापासून इंग्रजी शिकवले जाते. वर्षअखेरीस पहिली-दुसरीच्या मुलाला मुळाक्षरे म्हणता येतात, फळांची, प्राण्यांची आणि रंगांची नावे सांगता येतात, दोन-चार बडबडगीतेही हातवाऱ्यांसह म्हणता येतात. परंतु कोणी सलग चार इंग्रजी वाक्ये बोलले आणि त्यांचा अर्थ आपला आपण लावायचा, अशी वेळ त्याच्यावर सहसा येत नाही. सुट्या शब्दांकडून सलग भाषेकडे मुलांना नेण्यासाठी गोष्टीइतके उपयोगी साधन लहान मुलांच्या वर्गात दुसरे नाही, असे माझे ठाम मत आहे. मात्र गोष्ट हाती घेतली की वाक्यावाक्याचा मराठी अर्थ सांगत पुढे जायचे, ही सवय आपल्याकडे इतकी रुळलेली आहे की गोष्टीचा भाषिक लाभ मुलांपर्यंत पोहोचतच नाही. नव्याने रुजू झालेल्या किंवा प्रथमच लहान वर्गाला इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी, एकच गोष्ट सात-आठ तासिकांमध्ये कशी खेळवावी, हे पुढे क्रमाने मांडले आहे. वाचनाचा ओघ तुटू नये म्हणून लेखात इंग्रजी वाक्ये देवनागरीत दिली आहेत. फळ्यावर आणि मुलांच्या वहीत ती रोमन लिपीतच असावीत.

हीच गोष्ट का निवडावी

‘गोल्डिलॉक्स अँड द थ्री बेअर्स’ ही गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. तीन अस्वले पेज निवण्यासाठी ठेवून फिरायला जातात, एक मुलगी त्यांच्या रिकाम्या घरात शिरते, तिन्ही वाट्यांतील पेज चाखते, तिन्ही खुर्च्यांवर बसून पाहते, लहान खुर्ची मोडते, तिन्ही बिछान्यांवर पडून पाहते आणि शेवटी लहान बिछान्यात झोपी जाते. अस्वले परत येतात तेव्हा दचकून जागी होते आणि पळून जाते. भाषाशिक्षणाच्या दृष्टीने या गोष्टीचे मोल तिच्या बांधणीत आहे. एकच वाक्य एखादा शब्द बदलून तीनदा येते, तोच आकृतिबंध पेज, खुर्ची आणि बिछाना अशा तीन प्रसंगांत फिरतो आणि अस्वले घरी आल्यावर तो सगळा पुन्हा उलगडतो. सरावासाठी वाक्ये घोकून घ्यायची म्हटली तर मुले कंटाळतात. येथे तीच पुनरावृत्ती कथानकातच असल्यामुळे मुले ती स्वतःहून मागतात.

हा अनुभव आपल्या मुलांना नवा नाही. ‘चल रे भोपळ्या टुणुक टुणुक’ किंवा ‘थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते’ ही वाक्ये त्यांनी कोणत्याही पाठांतराशिवाय आत्मसात केलेली असतात. पहिल्या तासिकेच्या आधी म्हातारीची किंवा चिमणी-कावळ्याची गोष्ट मराठीतून सांगून, पुन्हा पुन्हा येणारे वाक्य मुलांकडून एका सुरात म्हणवून घ्यावे. त्यामुळे गोष्टीत आपणही बोलायचे असते, ही अपेक्षा वर्गात आधीच तयार होते.

या गोष्टीचा इतिहासही शिक्षकाने जाणून घ्यावा, कारण त्यातून एक मोकळीक मिळते. इंग्रज कवी रॉबर्ट साउदी यांनी ती १८३७ मध्ये छापून प्रसिद्ध केली, तेव्हा घरात शिरणारी व्यक्ती लहान मुलगी नव्हती, तर एक आगाऊ म्हातारी होती, आणि तिन्ही अस्वले आई-बाबा-बाळ नसून एकत्र राहणारे तीन नर होते. त्याच्याही आधी, १८३१ मध्ये, एलिनॉर म्यूर यांनी आपल्या लहान भाच्यासाठी हीच गोष्ट पद्यात लिहून हाताने सजवली होती. ते हस्तलिखित आज टोरोंटोच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहे. म्हातारीची मुलगी झाली ती १८५० च्या सुमारास, आणि गोल्डिलॉक्स हे नाव तर विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ झाले. जी गोष्ट सांगणाऱ्यांनी आपापल्या श्रोत्यांसाठी इतक्या वेळा बदलली, ती तुमच्या वर्गासाठी सोपी करताना संकोच बाळगण्याचे कारण नाही.

गोष्ट लहान करून लिहून काढणे

छापील पुस्तकातील मजकूर सहसा पहिली-दुसरीला झेपत नाही, म्हणून शिक्षकाने आपल्या वर्गापुरता मजकूर स्वतः लिहावा. पूर्ण गोष्ट एका पानात बसावी आणि वाक्ये शक्यतो सहा-सात शब्दांपलीकडे जाऊ नयेत. तिघा अस्वलांना ‘बिग बेअर’, ‘मिडल-साइझ्ड बेअर’ आणि ‘स्मॉल बेअर’ म्हणावे. पेजेच्या प्रसंगात ‘धिस पॉरिज इज टू हॉट’, ‘धिस पॉरिज इज टू कोल्ड’ आणि ‘धिस पॉरिज इज जस्ट राइट’ ही तीन वाक्ये येतात. खुर्चीच्या प्रसंगात दोन्ही वेळा ‘धिस चेअर इज टू बिग’ एवढेच म्हटले तरी चालते. तिथे मुलांचे लक्ष खुर्ची मोडण्याकडे असते आणि नवे शब्द लादण्याची गरज नसते. बिछान्याच्या वेळी ‘टू हार्ड’ आणि ‘टू सॉफ्ट’ हे विरुद्धार्थी शब्द घ्यावेत. घराचे वर्णन, जंगलातील वाट, फुले, खिडकीतून डोकावणे हे सगळे पहिल्या आवृत्तीत गाळावे.

दोन गोष्टी मात्र सोप्या करण्याच्या नादात गमावू नयेत. अस्वले परत आल्यावर म्हणतात ते ‘समबडी हॅज बीन ईटिंग माय पॉरिज’ हे वाक्य व्याकरणाच्या पुस्तकात फार पुढे येते, म्हणून अनेक शिक्षक त्याऐवजी ‘हू एट माय पॉरिज’ असे घेतात. माझ्या मते मूळ वाक्यच ठेवावे. मूल त्या वाक्याचा काळ ओळखत नाही, ते संपूर्ण वाक्य एका सुरावटीसारखे उचलते, आणि त्या सुरावटीत ‘ईटिंग’च्या जागी ‘सिटिंग’ आणि ‘स्लीपिंग’ घालणे त्याला सहज जमते. या टप्प्यावर त्याचे व्याकरण समजावून सांगू नये. दुसरी गोष्ट म्हणजे ‘टू’ या शब्दाचा नेमका अर्थ. आपल्या रोजच्या बोलण्यात तो नुसत्या ‘खूप’ या अर्थाने येतो, परंतु येथे पेज इतकी गरम आहे की खाता येत नाही, असा त्याचा अर्थ आहे. हे सांगत बसण्यापेक्षा ‘टू हॉट’ म्हणताना जीभ भाजल्यासारखे करून वाटी बाजूला सारावी; तीच कृती दर वेळी केली की अर्थ आपोआप पक्का होतो.

पॉरिज म्हणजे काय हे समजावण्यासाठी ओट्सच्या डब्याचे चित्र शोधण्याची आवश्यकता नाही. कोकणातील मुलांना पेज आणि इतरत्र लापशी किंवा खीर म्हटले की पुरेसे होते. अस्वलाचा विषय मात्र थोड्या जपणुकीने हाताळावा. मेळघाट, ताडोबा किंवा बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्याच्या आसपासच्या गावांत अस्वल हा खराखुरा आणि धोकादायक प्राणी आहे, आणि त्याच्या हल्ल्याच्या हकिकती मुलांनी घरी ऐकलेल्या असतात. अशा वर्गात गोष्टीतील अस्वले बोलणारी आणि खुर्चीवर बसणारी आहेत, जंगलातल्या अस्वलाच्या मात्र जवळ जायचे नसते, हे आरंभीच मराठीतून स्वच्छ सांगावे.

शिक्षकाची स्वतःची तयारी

गोष्ट वाचून दाखवू नये. ती तोंडपाठ सांगावी, कारण डोळे कागदावर असले की मुलांचे चेहरे दिसत नाहीत. तीन-चार दिवस आधीपासून घरी मोठ्याने सराव करावा आणि शक्य असल्यास मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ऐकावे. ज्यांना आपल्या इंग्रजीविषयी संकोच वाटतो, त्यांच्यासाठी तर ही गोष्ट विशेष सोयीची आहे. वाक्ये मोजकी आहेत आणि ती नीट बसवता येतात. त्याऐवजी चलचित्र लावून मोकळे होऊ नये. मुलाला समजले नाही म्हणून चलचित्र थांबत नाही, त्याच्याकडे पाहून आवाज बदलत नाही आणि त्याच्या उत्तराची वाट पाहत नाही. सहाव्या-सातव्या तासिकेनंतर उजळणी म्हणून ते जरूर दाखवावे.

मराठी बोलणाऱ्यांनी उच्चारांत तीन ठिकाणी लक्ष द्यावे. मराठीत ‘च’ आणि ‘ज’ यांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि देवनागरीत ते एकाच अक्षराने लिहिले जातात. ‘जस्ट राइट’मधील ‘ज’ हा ‘जीभ’मधला आहे, ‘जसा’मधला नव्हे. तसेच ‘चेअर’मधील ‘च’ हा ‘चेंडू’मधला आहे, ‘चमचा’मधला नव्हे. मुले या दोन शब्दांवर हमखास घसरतात, कारण ‘जस्ट’ ऐकताच त्यांना ‘जसा’ ओळखीचा वाटतो. दुसरे म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ. मराठी बोलताना ‘इ’ आणि ‘ई’ यांतील फरक आपण फारसा पाळत नाही, पण इंग्रजीत ‘स्लीपिंग’ म्हणजे झोपणे आणि ‘स्लिपिंग’ म्हणजे घसरणे. ‘समबडी हॅज बीन स्लीपिंग इन माय बेड’ म्हणताना ‘स्ली’ चांगला लांबवावा. मोठ्या अस्वलाच्या संथ आवाजात तो आपोआप लांबतो. तिसरे म्हणजे ‘बेड’ आणि ‘बॅड’, ‘बोल’ आणि ‘बॉल’ या जोड्या वेगळ्या ऐकू आल्या पाहिजेत. एवढे सांभाळले की पुरे. परदेशी धाटणीने बोलण्याचा प्रयत्न करू नये.

पहिली तासिका: वस्तू आणि हालचाल

पहिल्या दिवशी गोष्ट सांगायची नाही. वर्गात तीन आकारांच्या स्टीलच्या वाट्या, बसण्यासाठी शिक्षकाची खुर्ची, एक स्टूल आणि एक पाट, आणि झोपण्यासाठी उघडी फरशी, एकावर एक रचलेल्या गोधड्या आणि सतरंजीवर अंथरलेली एकच गोधडी एवढे साहित्य मांडावे. हे सर्व गावात विनाखर्च मिळते आणि छापील चित्रांपेक्षा कितीतरी अधिक काम करते, कारण ‘हार्ड’ आणि ‘सॉफ्ट’ हे शब्द चित्रात पाहून कळत नाहीत, ते हात लावून कळतात. वाटीत खरोखर उकळती पेज आणू नये. कोमट आणि गार पाण्यावर काम भागते.

नंतर शिक्षकाने सूचना द्याव्यात आणि मुलांनी त्या केवळ कृतीने पाळाव्यात. ‘टच द बिग बोल’, ‘सिट ऑन द स्मॉल चेअर’, ‘ईट द पॉरिज’, ‘गो टू स्लीप’, ‘वेक अप’, ‘रन’ या सूचना आधी शिक्षकाने स्वतः करून दाखवाव्यात, मग सर्वांसोबत कराव्यात आणि शेवटी फक्त तोंडी द्याव्यात. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांनी १९६० च्या दशकात ही पद्धत टोटल फिजिकल रिस्पॉन्स या नावाने मांडली. मूल बोलण्याच्या आधी ऐकून समजू लागते आणि ते समजणे शरीराच्या हालचालीतून व्यक्त करू शकते, हे तिचे सूत्र आहे. या तासिकेत कोणत्याही मुलाला इंग्रजी बोलण्याचा आग्रह करू नये. काही मुले पुढचे कित्येक दिवस गप्पच राहतील. ती ऐकत आहेत की नाही हे त्यांच्या हातापायांवरून कळते, आणि तेवढे सध्या पुरेसे आहे.

गोष्ट सांगणे

दुसऱ्या तासिकेत मुलांना अर्धवर्तुळात जवळ बसवावे आणि गोष्ट सलग, मध्ये न थांबता सांगावी. या पहिल्या सांगण्यावर पुढचे सगळे अवलंबून असल्यामुळे ते जरा विस्ताराने सांगतो.

प्रत्येक अस्वलाला एक ठरावीक जागा, एक आवाज आणि एक हाताची खूण द्यावी, आणि ती शेवटपर्यंत बदलू नये. मोठे अस्वल डाव्या बाजूला, आवाज खर्जातला, हात डोक्याच्या वर. मधले अस्वल समोर, आवाज नेहमीचा, हात छातीपाशी. लहान अस्वल उजव्या बाजूला, आवाज बारीक, हात गुडघ्यापाशी. दोन-तीनदा सांगून झाल्यावर शिक्षकाने नुसते डावीकडे वळून हात वर नेला तरी आता कोण बोलणार हे मुलांना कळते आणि त्यांचे ओठ हलू लागतात. मुलीच्या प्रसंगांत प्रत्येक वाटीपाशी थोडे थांबावे. चमचा तोंडाजवळ नेल्यावर, वाक्य उच्चारण्यापूर्वी, क्षणभर मुलांकडे पाहावे. तिसऱ्या वाटीपाशी ही शांतता जरा अधिक ताणावी आणि मग ‘जस्ट राइट’ हे शब्द मनापासून समाधानाने म्हणावेत. वाटी पालथी करून दाखवत ‘ऑल गॉन’ म्हटले की वर्गात हमखास हसू पिकते.

अस्वले परत येतात तो भाग संथपणे सांगावा. येथे मुलांना अस्वलांपेक्षा अधिक माहिती असते. पेज कोणी खाल्ली हे त्यांना ठाऊक असते आणि अस्वलांना नसते, त्यामुळे ती सांगण्यासाठी उतावीळ होतात. हा उतावीळपणा म्हणजे भाषा वापरण्याची खरी गरज आहे, आणि ती वर्गात कृत्रिमपणे निर्माण करणे फार अवघड असते. लहान अस्वलाचे ‘अँड हिअर शी इज’ हे वाक्य येताच बहुतेक मुले बोट दाखवून ओरडतात. त्यांना ओरडू द्यावे.

मी शिकवलेल्या एका दुसरीच्या वर्गात एक मुलगी बरेच दिवस इंग्रजीच्या तासाला एक शब्दही बोलत नव्हती. या गोष्टीच्या तिसऱ्या-चौथ्या सांगण्याच्या वेळी मी रिकामी वाटी हातात घेऊन नेहमीसारखा थांबलो, तेव्हा मागच्या रांगेतून तिचा बारीक आवाज आला: ‘ऑल गॉन.’ तिने दोन्ही तळवे पालथे करून दाखवले आणि पुन्हा खाली पाहिले. त्या वेळी मी तिचे कौतुक करून सगळ्यांचे लक्ष तिच्याकडे वेधले नाही. मान हलवली आणि गोष्ट पुढे नेली. बुजऱ्या मुलांच्या बाबतीत असेच करावे, असे मी आजही सांगतो. पुढच्या वेळी तो शब्द तिच्यासाठी राखून ठेवण्याइतका मी थांबत असे आणि ती तो म्हणत असे.

एकाच तासिकेत गोष्ट दोनदा सांगता येते. दुसऱ्या वेळी वाक्ये अर्धवट सोडावीत: ‘धिस पॉरिज इज टू...’ म्हणून वाट पाहावी. उत्तर मराठीतून आले, म्हणजे कोणी ‘गरम’ म्हणाले, तर ते चूक मानू नये. ‘येस, टू हॉट’ असे म्हणून पुढे जावे. मुलाला अर्थ कळला आहे याची ती खूण आहे.

मराठीचा वापर किती करावा

वर्गात मराठीचा एकही शब्द येऊ द्यायचा नाही, हा हट्ट मला मान्य नाही, आणि प्रत्येक वाक्यानंतर अर्थ सांगणे हे तर त्याहून घातक आहे. इंग्रजी वाक्यापाठोपाठ मराठी वाक्य येणारच असे कळले की मूल इंग्रजी ऐकणे सोडून देते; मराठी वाक्य येईपर्यंत ते फक्त थांबलेले असते. म्हणून गोष्ट चालू असताना मराठी आणू नये. गोष्टीच्या आधी पाच मिनिटे आणि गोष्ट संपल्यावर पाच मिनिटे मात्र मराठीतून मनमोकळे बोलावे. विचारल्याशिवाय दुसऱ्याच्या घरात जाणे बरोबर आहे का, लहान अस्वलाला काय वाटले असेल, तू असतास तर काय केले असतेस, हे प्रश्न मुलांच्या मनात असतातच आणि त्यांची उत्तरे इंग्रजीत देण्याची त्यांची अजून क्षमता नसते. त्यांना ती मराठीत देऊ न देणे म्हणजे गोष्टीचा अर्धा आनंद काढून घेणे होय. ज्या पाड्यांवर घरची भाषा कोरकू, गोंडी किंवा भिली आहे, तेथे या गप्पांसाठी त्या भाषेलाही तेवढीच जागा द्यावी.

बोलण्याकडे आणि नाट्याकडे

तिसऱ्या आणि चौथ्या तासिकेत प्रश्न विचारायला सुरुवात करावी. त्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी फक्त हो किंवा नाही म्हणता येईल असे प्रश्न: ‘इज धिस बोल बिग?’ मग दोनांतून एक निवडण्याचे: ‘हॉट ऑर कोल्ड?’ त्यानंतर एका शब्दात उत्तर येईल असे: ‘हू इज स्लीपिंग?’ ‘पूर्ण वाक्यात उत्तर दे’ असे या वयात म्हणू नये. कोणीही माणूस ‘हॉट की कोल्ड’ या प्रश्नाला पूर्ण वाक्यात उत्तर देत नाही. मूल चुकीचे बोलले तर त्याला थांबवून दुरुस्त न करता, तेच वाक्य बरोबर करून आपण सहजपणे म्हणावे. मूल ‘माय चेअर ब्रोक इट’ म्हणाले, तर ‘ओह, समबडी ब्रोक युअर चेअर!’ असे आश्चर्याने म्हटले की पुरते.

पाचव्या तासिकेला नाट्य करावे. वर्ग मोठा असेल तर चार-पाच मुलांनाच भूमिका देऊन बाकीच्यांना बसवून ठेवू नये. वर्गाचे तीन गट करून प्रत्येक गटाला एक अस्वल द्यावे आणि सर्वांनी एकत्र आपापल्या आवाजात बोलावे. मुलगी व्हायला दर फेरीत वेगळे मूल घ्यावे, मुलगेही चालतात. गोल्डिलॉक्स हे नाव जड जात असेल तर ‘द लिटल गर्ल’ म्हणावे, पण वर्गातल्याच एखाद्या मुलीचे नाव देऊ नये, कारण आगंतुकाची ती ओळख तिला चिकटण्याचा आणि मुले तिला चिडवण्याचा संभव असतो.

पहिली ते चौथी एकत्र बसणाऱ्या दोनशिक्षकी शाळांमध्ये ही गोष्ट विशेष चांगली चालते. लहान मुले अस्वले होतात, तिसरी-चौथीची मुले फळ्यावरून कथनाची वाक्ये वाचतात, आणि एकाच वेळी चार इयत्तांना आपापल्या पातळीचे काम मिळते.

वाचनाची सुरुवात

पुस्तक किंवा लिखित मजकूर सहाव्या तासिकेच्या आधी मुलांसमोर आणू नये. तोपर्यंत वाक्ये कानात बसलेली असतात, त्यामुळे वाचताना मुलाला केवळ अक्षरे आणि ओळखीचा आवाज यांची सांगड घालायची उरते.

गोष्टीतील शब्दांचे दोन गट करावेत. ‘हॉट’, ‘बिग’, ‘बेड’ आणि ‘सॉफ्ट’ हे शब्द अक्षरांचे ध्वनी जुळवून वाचता येतात. ‘बेअर’, ‘चेअर’, ‘राइट’ आणि ‘पॉरिज’ हे तसे वाचता येत नाहीत. पहिल्या गटासाठी मुलांना अक्षरांची नावे नव्हेत, तर ध्वनी माहीत असायला हवेत: ‘एच-ओ-टी’ म्हणून ‘हॉट’ होत नाही, ‘ह्-ऑ-ट्’ म्हणून होतो. ‘हॉट’ जमला की त्याच्याच जोरावर ‘पॉट’, ‘नॉट’, ‘गॉट’ वाचून घ्यावेत. दुसऱ्या गटातील शब्द चित्रांसह पुठ्ठ्यावर लिहून, पाहताक्षणी ओळखण्याचा सराव द्यावा. त्यांची फोड करू नये.

‘बेड’ या शब्दाचा येथे एक वेगळा उपयोग होतो. लहान मुले ‘बी’ आणि ‘डी’ ही लहान लिपीतील अक्षरे सतत उलटसुलट करतात. हा शब्द लहान लिपीतच, पण मोठ्या आकारात फळ्यावर लिहिला की पहिल्या अक्षराची उभी रेघ पलंगाच्या उशाकडील फळीसारखी आणि शेवटच्या अक्षराची उभी रेघ पायथ्याकडील फळीसारखी दिसते. त्यावर झोपलेले लहान अस्वल काढून दाखवावे आणि शंका आली की मुलांनी तो शब्द मनात आणावा.

वहीत लिहिताना इंग्रजी शब्दाचा उच्चार देवनागरीत लिहून ठेवण्याची सवय मुलांना लावू नये. ती मदत वाटते, पण मूल मग रोमन अक्षरांकडे पाहतच नाही, आणि ‘जस्ट’मधला ‘ज’ पुन्हा ‘जसा’तला होतो.

गोष्ट मुलांच्या हाती देणे

सातव्या-आठव्या तासिकेत गोष्टीत बदल करावेत, कारण वाक्ये खरोखर आत्मसात झाली आहेत की नुसती पाठ आहेत, हे येथेच कळते. पेजेऐवजी काय ठेवू या, असे विचारावे. मुले ‘टी’, ‘राइस’, ‘भाकरी’ असे काहीही सुचवतात आणि ‘धिस भाकरी इज टू हार्ड’ हे वाक्य ऐकताच वर्ग खूश होतो. भाकरी हा शब्द तसाच राहू द्यावा. खुर्चीऐवजी चप्पल घेतली तर ‘समबडी हॅज बीन वेअरिंग माय चप्पल’ असे नवे क्रियापद सहज येते. तिसरी-चौथीच्या मुलांकडून मुलीने अस्वलांना लिहिलेली दोन ओळींची चिठ्ठी करून घ्यावी: ‘डिअर बेअर्स, आय ॲम सॉरी. आय ब्रोक द चेअर.’ मूळ गोष्टीत माफी नाही आणि मी गोष्ट सांगताना ती घालत नाही. ती मुलांच्या चर्चेतून आली तरच घ्यावी, आणि बहुतेक वेळा ती येते.

नोंदी आणि पुढचे पाऊल

या वयात लेखी चाचणी घेण्याची गरज नाही. नाट्य आणि खेळ चालू असताना प्रत्येक मुलाविषयी थोडक्यात नोंद ठेवावी: सूचना ऐकून ते योग्य वस्तूकडे जाते का, अर्धवट वाक्य पूर्ण करते का, स्वतःहून एखादे वाक्य बोलते का, आणि नवीन वस्तू घालून वाक्य बदलू शकते का. पहिल्या दोन गोष्टी जवळपास सर्वांना जमल्या पाहिजेत. त्या जमत नसतील तर वाचनाकडे न वळता पुन्हा वस्तू मांडून सांगण्याकडे यावे. उरलेल्या दोन गोष्टी सगळ्यांना एकाच वेळी जमतील अशी अपेक्षा ठेवू नये. तासिका आठवड्यातून एकदा न घेता शक्यतो लागोपाठच्या दिवशी घ्याव्यात, कारण आठवड्याच्या खंडाने सुरावट कानातून निघून जाते.

गोष्ट संपल्यावर साधारण तीन आठवड्यांनी, काहीही पूर्वसूचना न देता, एकदा ती पुन्हा सांगावी आणि मुले कोणत्या वाक्यांना आपण होऊन साथ देतात ते टिपून ठेवावे. त्यानंतर दुसरी गोष्ट घेताना ‘थ्री लिटल पिग्ज’ हाती घ्यावी. तिच्यातही तिप्पट पुनरावृत्ती आहे, आणि गवत, काटक्या व विटा यांची घरे वर्गातच रचता येतात. शेणाचे आणि मेणाचे घर माहीत असलेल्या आपल्या मुलांना कोणते घर टिकेल याचा अंदाज लगेच येतो, म्हणून तो अंदाज गोष्ट सांगण्यापूर्वीच त्यांच्याकडून वदवून घ्यावा.